ढोल ट्रेलरमध्ये, समोर वजनकाट्याची पाटी

न्यू जर्सीतले एक वाचक लिहितात: आमचं ढोल-ताशा पथक आहे. तीस ढोल, दहा ताशे, ध्वज, टोल, झांजा आणि एक छोटा जनरेटर एवढं सामान. पिकअप माझ्याकडे असल्यामुळे ते न्यायची जबाबदारी माझ्यावर आली. दोन वर्षांपूर्वी पथकाने दोन आसांचा, सात बाय चौदा फुटांचा बंद ट्रेलर घेतला. गणपतीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत आम्ही जवळपास एक आठवडा सोडून कुठे ना कुठे असतो. कधी फिलाडेल्फिया, कधी बॉस्टन, कधी व्हर्जिनिया. बोलावणारं मंडळ पाच-सातशे डॉलर मानधन देतं, ते पथकाच्या खात्यात जातं. मला फक्त पेट्रोलचे पैसे मिळतात. गेल्या खेपेला हायवेवर वजनकाट्याची पाटी लागली. 'सर्व ट्रक' असं लिहिलेलं आणि काटा सुरू असल्याचे दिवे लागलेले. बायको म्हणाली, पिकअप म्हणजे ट्रकच, वळव आत. मी म्हटलं, आपली खाजगी गाडी, आपला काय संबंध? तसाच पुढे निघालो. कोणी अडवलं नाही, पण घरात तो विषय अजून मिटलेला नाही. पथकातला एक मित्र म्हणतो, कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, ओढणारे कुठे थांबतात, तूही थांबू नकोस. दुसरा म्हणतो, एक दिवस जबर दंड बसेल, ट्रेलर विकून टाका. मी थांबायला हवं होतं का? आणि ट्रेलर ठेवावा की विकावा?

आधी त्या दिवसाचं. पाटीवर 'सर्व ट्रक' लिहिलेलं होतं, काटा सुरू होता, मागे ट्रेलर होता, म्हणजे आत वळणंच बरोबर होतं. तुमच्या पत्नीचं म्हणणं योग्य होतं. चुकवून पुढे गेलेल्या गाडीला पकडायचं असलं तर सहसा तिथला अधिकारी लगेच मागे येतो आणि पुढच्या मैल-दोन मैलांत थांबवतो. तसं झालं नाही, तेव्हा त्या एका प्रसंगाची धास्ती आता सोडून द्या. तुमच्या पत्रात त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत, त्यांच्याकडे वळू.

पहिली गोष्ट 'खाजगी गाडी' या शब्दाची. खाजगी म्हणजे काट्यावर थांबायचं नाही, असा एकच नियम अमेरिकेत अस्तित्वात नाही. कोणत्या गाडीने वजनकाट्यावर थांबायचं हे प्रत्येक राज्य स्वतःच्या कायद्याने ठरवतं. काही राज्यं फक्त व्यावसायिक गाड्यांना थांबवतात. अनेक राज्यं वजनाची रेषा आखतात, बहुतेक वेळा १०,००० पौंडांच्या आसपास. काही ठिकाणी ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांचा वेगळा उल्लेख असतो. तुमचा मित्र कॅम्परवाल्यांचं सांगतो ते बऱ्याच राज्यांत खरंही आहे. पण कॅम्परला मिळणारी सूट बंद मालवाहू ट्रेलरला लागू होतेच असं नाही. फ्लोरिडाचं उदाहरण यात सगळ्यात स्पष्ट आहे. तिथे शेतमाल तपासणीचे नाके आहेत. ट्रेलर न जोडलेली खाजगी कार, ट्रॅव्हल ट्रेलर, कॅम्पिंग ट्रेलर आणि मोटरहोम यांना तिथे थांबावं लागत नाही, पण सामानाचा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला आणि भाड्याच्या ट्रकला थांबावंच लागतं. म्हणजे कॅम्पर ओढणारे शेजारी सरळ निघून जातील आणि तुम्हाला त्याच पिकअपने आत वळावं लागेल.

म्हणून पाटी शब्दशः वाचायची सवय लावा. 'व्यावसायिक वाहनं' आणि 'सर्व ट्रक' यांत फरक आहे. पाटीवर वजनाचा आकडा असला तर तो तुमच्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या एकत्रित कमाल मान्य वजनाशी ताडून पाहा. निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या परिवहन विभागाच्या किंवा हायवे पोलिसांच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. न्यू जर्सी ते बॉस्टन म्हटलं की चार-पाच राज्यं होतात, अर्ध्या तासाचं काम आहे. इतकं करूनही शंका उरली तर आत वळा. आत गेल्याचा दंड नसतो, बाहेरून निघून गेल्याचा असू शकतो.

आत गेल्यावर काय करायचं हे माहीत नसल्यामुळेच बरेच लोक पुढे निघून जातात. वळणावर वेगमर्यादेची पाटी असते, ती काटेकोर पाळा, कारण अनेक ठिकाणी त्याच रस्त्यात बसवलेले सेन्सर गाडी चालती असतानाच वजन घेत असतात. पुढे दिवा किंवा बाण दिसतो. एक मार्ग सरळ हायवेकडे परत जातो, दुसरा काट्याच्या पट्ट्यावर. हिरवा मिळाला तर न थांबता निघा. लाल मिळाला तर पट्ट्यावर सावकाश या, थांबा, खिडकी खाली करा, सूचना स्पीकरवरून येते. सांगितल्याशिवाय खाली उतरू नका. वळणावर गाडी उलटी घेऊन परत हायवेवर जायचा प्रयत्न तर कधीच करू नका. लायसन्स, गाडीची आणि ट्रेलरची अशी दोन्हींची नोंदणी, आणि विम्याचं कार्ड हाताशी असू द्या. ट्रेलरची नोंदणी पथकाच्या खजिनदाराच्या घरी फाइलमध्ये पडलेली असते, हे सर्रास दिसतं. तिची प्रत पिकअपच्या कप्प्यात ठेवा. पिकअप आणि छोटा ट्रेलर पाहून बहुतेक वेळा अधिकारी हातानेच 'जा' म्हणतो. दोन मिनिटांचं काम.

आता दुसरी गोष्ट. 'मी पैसे घेत नाही' यावर तुमचा सगळा भरवसा आहे. इथे मात्र काळजीपूर्वक पाहायला हवं, कारण हा प्रश्न पाटीच्या पलीकडचा, केंद्रीय नियमांचा आहे.

केंद्रीय नियमांत व्यावसायिक वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातला मालवाहतुकीचा आकडा १०,००१ पौंड आहे. आंतरराज्य व्यवहारात माल नेणारी गाडी, जिचं मान्य किंवा प्रत्यक्ष वजन, एकटीचं किंवा ट्रेलरसकट, यांतलं जे जास्त असेल ते १०,००१ किंवा त्याहून अधिक भरतं, ती या व्याख्येत येते. मान्य वजन म्हणजे कंपनीने 'इथपर्यंत भरा' म्हणून ठरवलेलं कमाल वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. पिकअपचं ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर असतं, ट्रेलरचं त्याच्या पुढच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर. दोन्हींची बेरीज करा. तुमची पिकअप हाफ-टन, म्हणजे नेहमीच्या घरगुती वर्गातली, समजून तिचं साधारण ७,००० धरलं आणि दोन आसांच्या ट्रेलरचं ७,०००, कारण प्रत्येक आस ३,५०० चा, तर झाले १४,०००. ट्रेलर रिकामा असला तरी बेरीज तीच राहते. लोकांची चूक होते ती इथेच. ते म्हणतात, आमचं सामान तर हलकं आहे. पण व्याख्या फक्त सामानापाशी थांबत नाही, लेबलही वाचते.

या नियमांतून एक सूट आहे: एखाद्या व्यक्तीने स्वतःचं सामान अधूनमधून, मोबदल्याशिवाय आणि कोणत्याही व्यवसायाला हातभार न लावता नेलं तर नियम लागू होत नाहीत. घर बदलणारा माणूस, सुट्टीत बोट ओढणारा माणूस यासाठी ती आहे. तुमचं काय? ढोल तुमचे नाहीत, पथकाचे आहेत. आठवडा सोडून आठवडा म्हणजे 'अधूनमधून' किती ताणायचं? आणि मानधन घेतलं जातं. तुमच्या खिशात ते येत नाही हे खरं, पण सामान तिथे पोचलं नाही तर मानधन मिळणार नाही, हेही खरं. 'आम्ही नफा न कमावणारी संस्था आहोत' हे उत्तरही पुरेसं नाही. संस्था धर्मादाय आहे एवढ्यानेच हे नियम टळत नाहीत.

ढोलांसाठी वेगळं काही लिहून ठेवलेलं नाही, पण घोड्यांच्या आणि मोटारींच्या स्पर्धांना ट्रेलर घेऊन जाणाऱ्या हौशी लोकांसाठी केंद्रीय यंत्रणेने दिलेलं मार्गदर्शन तुमच्या प्रश्नाच्या खूप जवळ जातं. बक्षिसाची रक्कम मिळाली तरी उपक्रम नफ्यासाठी नसेल तर तो व्यवसाय ठरत नाही, असा त्याचा आशय. पाहतात त्या गोष्टी तीन. बक्षीस साधं उत्पन्न म्हणून करात दाखवलं आहे का, खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा केला आहे का, आणि कंपनीचं प्रायोजकत्व आहे का. आता तुमचा ट्रेलर डोळ्यांसमोर आणा. मागच्या दारावर रिअल इस्टेटवाल्या प्रायोजकाचा फोटो आणि फोन नंबर चिकटवलेला आहे का? बऱ्याच पथकांच्या ट्रेलरवर तो असतो. सणाच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या माणसाचं नाव लावावंसं वाटणं साहजिक आहे. पण रस्त्याकडेला उभ्या अधिकाऱ्याला दुरून दिसणारी पहिली गोष्ट तीच असते. ते नाव टी-शर्टवर लावा, कार्यक्रमाच्या फलकावर लावा, ट्रेलरवरून उतरवा.

तेव्हा तुमची स्थिती अशी आहे: घर हलवणाऱ्या माणसाइतकी निर्धास्त नाही, आणि मालवाहू कंपनीसारखीही नाही. मधल्या जागेत आहात. ट्रेलर विकण्याचा किंवा न विकण्याचा विचार इथून सुरू करा, दंडाच्या भीतीतून नको.

एक वाट मला सगळ्यात सोयीची वाटते. मोठा ट्रेलर विकून एका आसाचा, सहा बाय बारा फुटांचा बंद ट्रेलर घ्या. या ट्रेलरवर बऱ्याचदा मान्य वजन २,९९० पौंड लिहिलेलं असतं, कारण बऱ्याच राज्यांत ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होण्याची रेषा ३,००० ची आहे. ७,००० अधिक २,९९० म्हणजे ९,९९०. अकरा पौंडांनी तुम्ही त्या व्याख्येच्या बाहेर. मात्र तुमच्या दारावरच्या लेबलवर ७,००० च्या जागी ७,०५० असलं तर हे गणित फसलं, म्हणून आधी लेबल वाचा आणि मगच ट्रेलर बघायला जा. असा ट्रेलर रिकामा साधारण १,२०० ते १,३०० पौंडांचा असतो, म्हणजे सामानाला सुमारे १,७०० उरतात. ढोल सरासरी १० किलोचा धरला तर तीस ढोलांचे ३०० किलो, म्हणजे ६६० पौंड. स्टँडसकट ताशे, ध्वज, पट्टे, पेट्या धरून हजाराच्या आसपास जाल. अंदाजावर राहू नका, घरातल्या वजनकाट्यावर एक ढोल घेऊन उभे राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. जागेचंही पाहा: ढोल हलका पण घेरदार, तीस ढोल बसतात पण मधे चालायला वाट उरत नाही. जनरेटर पिकअपच्या मागच्या हौद्यात जाईल, आणि तो तिथेच जायला हवा, त्याचं कारण पुढे सांगते. एवढं करूनही 'सर्व ट्रक' ची पाटी दिसली की आत वळायचंच, कारण ते राज्याचं म्हणणं आहे आणि हा केंद्राचा आकडा.

मोठा ट्रेलर ठेवायचाच असेल, आणि पथक वाढतंय म्हणून ते समजण्यासारखं आहे, तर पथकाच्या संस्थेच्या नावाने रीतसर यूएसडॉट नंबर, म्हणजे केंद्रीय परिवहन विभागाचा वाहतूकदारांना मिळणारा ओळख क्रमांक, घेण्याचा विचार करा. नंबर फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणारे दलाल येतील, त्यांना देऊ नका. पण नंबरापाठोपाठ काम येतं. संस्थेचं नाव आणि नंबर पिकअपच्या दोन्ही बाजूंना पन्नास फुटांवरून वाचता येईल असा लावायचा, दर दोन वर्षांनी माहिती अद्ययावत करायची, चालकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, गाडीत अग्निशामक आणि तीन परावर्तक त्रिकोण, वर्षातून एकदा गाडी-ट्रेलरची तपासणी, आंतरराज्य वाहतुकीचं वार्षिक शुल्क, आणि सुरुवातीच्या काळात कागदपत्रांचं ऑडिट. पथकात फाइल सांभाळायला एक चोख माणूस असेल तर हे जमण्यासारखं आहे. नसेल तर हे अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं, कारण नंबर लावून आतले कागद अपुरे असणं काट्यावर जास्त महागात पडतं.

तिसरी वाट बहुतेक पथकं विचारात घेत नाहीत. बॉस्टनच्या मंडळाकडे स्वतःचं पथक असेल तर त्यांचे ढोल वापरा, तुम्ही ताशे आणि माणसं घेऊन जा. आपल्या ढोलाची बांधणी, आपल्या पानाचा, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या पडद्याचा, आवाज सोडून दुसऱ्याचा ढोल वाजवायला हात लवकर तयार होत नाही, हे मान्य. पण वर्षातून एका दूरच्या कार्यक्रमासाठी हे चालतं. नाहीतर प्रत्येक वादकाने आपापला ढोल आपल्या मिनीव्हॅनमध्ये न्यावा. गाड्या जास्त लागतील, पण ट्रेलरचा प्रश्नच उरणार नाही.

कोणतीही वाट निवडलीत तरी विमा कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रश्न दोन: मानधनाच्या कार्यक्रमासाठी ट्रेलर ओढताना माझा वैयक्तिक विमा लागू आहे का, आणि ट्रेलरमधल्या सामानाचं काय. वैयक्तिक वाहन विम्यात ट्रेलरमधलं सामान बहुधा धरलेलं नसतं. ढोल पथकाचे, पण अपघात झाला तर दावा तुमच्या नावावर येणार आहे.

आता तुमच्या पत्रात न आलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वजनकाट्याला आपण नाकं समजतो. तुमच्या बाबतीत मात्र वजन पोलिसांपेक्षा तुम्हाला आधी कळायला हवं. हाफ-टन पिकअप 'अकरा हजार पौंड ओढते' असं विक्रेता सांगतो, आणि ते खोटं नसतं. पण तिची मर्यादा ओढण्याच्या आधी वाहण्यात संपते. चालकाच्या दाराजवळच टायरच्या माहितीचं एक वेगळं लेबल असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. समजा तो आकडा १,५०० आहे. पाच वादक गाडीत, ८०० पौंड. हौद्यात जनरेटर आणि बॅगा, २००. ट्रेलरची मान हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, टेकते तिचा भार ६००. झाले १,६००. ट्रेलर अजून जागेवरून हललेला नाही आणि गाडी शंभर पौंडांनी ओव्हरलोड.

हे मोजायला ट्रक स्टॉपवरचा सार्वजनिक काटा सगळ्यात चांगला. कॅट स्केलचे काटे देशभर दोन हजारांहून जास्त ठिकाणी आहेत, आणि वीस डॉलरच्या आत काम होतं. चोवीस तासांत परत वजन केलं तर दुसऱ्यांदा बरंच कमी पैसे पडतात. तीन पट्ट्या असतात. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची सगळी चाकं तिसऱ्यावर. चाक दोन पट्ट्यांच्या फटीवर आलं तर आकडे फसवे येतात. बटण दाबून किंवा मोबाइलवरच्या अॅपमधून वजन घेता येतं. कंपनीचं नाव विचारलं तर 'प्रायव्हेट' म्हणा, रोज कोणी ना कोणी तेच सांगत असतं. मागे मोठे ट्रक रांगेत असतील, म्हणून रविवारी सकाळी लवकर जा.

दोनदा वजन करा. एकदा ट्रेलर सोडून, पण माणसं, जनरेटर, भरलेली टाकी यांसकट फक्त पिकअप. ट्रेलर पार्किंगमध्ये चाकांना अडसर लावून सोडता येतो. एकदा ट्रेलर जोडून. समजा एकट्या पिकअपचे आकडे आले पुढे २,९८० आणि मागे २,९४०, एकूण ५,९२०. ट्रेलर जोडल्यावर पुढे २,७८०, मागे ३,७००, ट्रेलरच्या आसांवर ४,२४०. पिकअप आता ६,४८०, म्हणजे हिचवर ५६० पौंड आले. ट्रेलरचं खरं वजन ४,२४० अधिक ५६०, म्हणजे ४,८००. हिचचा भार त्याच्या जवळपास बारा टक्के. दहा ते पंधरा टक्क्यांत असला की ठीक. आता उरलेले आकडे वाचा. ६,४८० हे ७,००० च्या आत आहे, छान. पण मागच्या आसाची मर्यादा लेबलवर ३,८०० असेल, तर ३,७०० म्हणजे फक्त शंभर पौंड शिल्लक. आणि पुढचा आस दोनशे पौंडांनी हलका झालाय, म्हणजे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक तेवढे कमकुवत. वजन वाटून देणारा हिच बसवला की पुढचा भार बराचसा परत येतो. ही पावती दाराच्या कप्प्यात ठेवा. अधिकाऱ्याला दाखवायला नव्हे, पुढच्या खेपेला सामान वाढलं तर तुलना करायला.

ट्रेलर जाताना नीट चालतो आणि येताना झुलतो, अशी तक्रार पथकांत हमखास ऐकू येते. कारण साधं आहे. जाताना दिवसाउजेडी, विचार करून सामान लावलेलं असतं. परतताना रात्रीचे अकरा, सगळे थकलेले, हाताला लागतील ते ढोल आधी आत जातात आणि शेवटी बंद झालेला जनरेटर, पाण्याचे क्रेट, स्पीकर मागच्या दारापाशी. भार आसाच्या मागे गेला, हिचवरचा कमी झाला, आणि उतारावर बाजूने मोठा ट्रक गेला की शेपूट हलायला लागते. म्हणून ट्रेलरच्या जमिनीवर आसाच्या किंचित पुढे रंगाने एक रेघ मारा. जड ते सगळं त्या रेघेच्या आसपास, जमिनीवर. वर आणि मागे फक्त ढोल. पट्टे भिंतीतल्या पट्टीला अडकवून ढोलाच्या अंगावरून घ्या, पानावरून नको. जनरेटरमध्ये पेट्रोल असतं आणि बंद ट्रेलरमध्ये त्याची वाफ साचते, म्हणून तो बाहेर हौद्यात. तरीही ट्रेलर झुललाच तर पायाचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि डॅशखाली ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर असेल तर त्याची पट्टी हाताने सरकवा, म्हणजे फक्त ट्रेलर मागे ओढला जाईल.

निघण्याआधी पाच मिनिटं खाली वाका. हिचचा गोळा दोन इंची आणि ट्रेलरची कप सव्वादोनच्या पुढची, म्हणजे २ ५/१६ ची, ही चूक जोडताना कळत नाही, वर बसल्यासारखी दिसते आणि पहिल्या खड्ड्यात निसटते. दोन्ही आकडे लोखंडावर कोरलेले असतात, वाचा. साखळ्या मानेखालून एकमेकींवरून फुलीत. ट्रेलर तुटून निघालाच तर ब्रेक लावणारी तार साखळीला नाही, गाडीला वेगळी. ट्रेलरच्या टायरमधली हवा टायर थंड असताना त्यांच्या बाजूवरच्या आकड्याइतकी. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. चाक काढलं-बसवलं असेल तर पन्नास-शंभर मैलांवर नट परत आवळा.

बॉस्टनला जाताना एक गोष्ट: न्यूयॉर्कचे पार्कवे आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे यांवर ट्रेलरला मनाई आहे, पूलही ठेंगणे आहेत. फोनवरचा नकाशा कारचा रस्ता दाखवतो आणि तिथेच घेऊन जातो. आय-९५ किंवा आय-८४ धरा. आय-९५ वर ग्रीनिचला वजनकाटा आहे, त्याची पाटी आधीपासून लक्षात ठेवलीत तर उजव्या लेनमध्ये वेळेवर याल.

याच प्रश्नाच्या आणखी दोन तऱ्हा इतर वाचकांकडूनही येतात. भाड्याच्या मोठ्या ट्रकने घर हलवणाऱ्यांनी 'हा तर घरसामानाचा' म्हणून काटे सोडू नयेत. हे ट्रक २६,००० पौंडांच्या आत ठेवलेले असतात ते साध्या लायसन्सवर चालवता यावेत म्हणून. काट्याच्या नियमाशी त्याचा संबंध नाही. आणि कॅलिफोर्नियात शिरताना सीमेवरच्या तपासणी नाक्यावर सगळ्याच गाड्या थांबतात. तिथे कागदांपेक्षा मागच्या कुंड्यांची विचारणा होते. कढीपत्ता लिंबूवर्गीयांच्या कुळातला आहे आणि लिंबाच्या बागांना घातक असणारी सिट्रस सिलिड नावाची कीड त्यावर वाढते. आठ वर्षं जपलेलं रोप तिथे काढून घेतलं जाण्याचीच शक्यता जास्त. ते निघण्याआधी मागे राहणाऱ्या मैत्रिणीला देऊन जा. आणखी एक, कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर वेगमर्यादा ५५ मैल आहे, बाजूची कार ७० ने गेली तरी.

तुमच्याकडे परत येते. या आठवड्यात दोन लेबलांचे आणि ट्रेलरच्या पत्र्याचा असे तीन फोटो काढा. रविवारी काट्यावर जाऊन दोन पावत्या आणा. त्या पाच कागदांसह पथकाची बैठक घ्या आणि ट्रेलर छोटा करायचा की नंबर घ्यायचा हे तिथे सगळ्यांनी मिळून ठरवा. ट्रेलर पथकाचा आहे, त्याचा भार एकट्या तुमच्या डोक्यावर असू नये. बैठकीला पत्नीलाही घेऊन जा. पाटी त्यांनीच आधी वाचली होती.